बुल्वेच्या पायातलं पिवळं कडं

तेओपिस्ताचा नवरा तीन आठवडे घरी बसला, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की आपला संसार वीस वर्षं बरा चालला तो केवळ मुबिरु दिवसभर पाण्यावर असायचा म्हणून.

माणूस वाईट नव्हता. पण बाहेर राबणारा पुरुष घरात कोंडला गेला की भांड्यांत डोकावायला लागतो. मटोकेच्या, म्हणजे उकडायला ठेवलेल्या कच्च्या केळ्यांच्या, पातेल्यावरची पानं उचलून तो म्हणायचा, "वाफ कमी बसलीय." शेंगदाण्याच्या कालवणात बोट बुडवून म्हणायचा, "मीठ?" एकाच तिवईचा पाय त्याने तीनदा ठोकून बसवला, तिसऱ्यांदा तिवई मोडली. तेओपिस्ता तिच्या फोटो स्टुडिओत जायला निघाली की विचारायचा, "किती वाजता येशील?" हा प्रश्न तिने त्याला वीस वर्षं विचारला होता आणि त्याने एकदाही धड उत्तर दिलं नव्हतं.

सासू मात्र खुशीत होती. अंगणात चटईवर बसून ती शेंगा सोलायची आणि मुबिरुचं घरचं नाव घेऊन येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माझा लिओन्सियो इतके दिवस माझ्यापाशी कधी बसला होता?" मुलावर चोरीचा आळ आहे हे तिला माहीत होतं. पण आळ घेणारे मूर्ख आहेत, हे तिच्यापुरतं ठरलेलं होतं.

सासू मागच्या वर्षी गेली. म्हणून तेओपिस्ता आता हे निदान माझ्यासारख्या शेजारणीला सांगते, तेही दार लावून.

मुबिरु आमच्या धक्क्यावरचा जुना वाटाड्या. नालुबाले सरोवराचा जो फाटा पपायरसच्या, पाण्यातल्या उंच लव्हाळ्याच्या, रानात शिरून दलदल झालाय, तिथे तो पाहुण्यांना नावेतून न्यायचा आणि बुल्वे दाखवायचा. बुल्वे म्हणजे माणसाच्या छातीला लागेल एवढा राखी पक्षी. चोच अशी, की कोणी लाकडी जोडा तोंडावर बांधलाय. तासन् तास एका जागी उभा राहतो, आणि मग चिखलातून मांबा मासा उपसून गिळतो.

आता मुबिरुचं कूळच मांबाचं. त्या कुळात जन्मलेल्याने हा सापासारखा लांब मासा खायचा नाही, धरायचा नाही, विकायचा नाही. त्यामुळे धक्क्यावर त्याची थट्टा रोजची.

"काय मुबिरु, आज तुझ्या कोणत्या भावाला गिळलं रे त्याने?"

"भाऊ नव्हे, काका. जाडा होता, घशात अडकला."

ही थट्टा एक दिवस उलटली. ऑगस्टमध्ये शहरातून अभ्यासक मंडळी आली होती आणि घरट्यातल्या एकुलत्या एका पिल्लाच्या डाव्या पायात त्यांनी पिवळं कडं घातलं होतं. नोव्हेंबरात घरटं रिकामं सापडलं. जिवंत पिल्लू विकत घेणारे लोक असतात, हे सगळ्यांना ठाऊक. त्याच आठवड्यात चहावाली सांता हिने मुबिरुला मागच्या वाटेने सायकलवरून पोतं नेताना पाहिलं होतं. पोतं ओलं होतं. आणि हलत होतं.

वाटाड्यांच्या मंडळाचे अध्यक्ष हाजी कायोंगो. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पोत्यात काय होतं?"

"गवत," मुबिरु म्हणाला.

"गवत हलतं होय रे?"

यावर मुबिरु जो गप्प बसला, तो बसलाच. मागून कोणीतरी बोललं, "भावांना खातं म्हणून सूड उगवला त्याने." लोक हसले. त्याची नाव काढून घेतली गेली. चौथ्या रविवारपर्यंत पिल्लू जिवंत असल्याचा पुरावा आला नाही, तर मंडळाच्या यादीतून त्याचं नाव कायमचं कापायचं ठरलं. इथून नाव कापलेल्याला सरोवराच्या दुसऱ्या कोणत्याही धक्क्यावर कोणी उभं करत नाही.

"पिल्लू उडायला लागलंय, एवढंच," मुबिरु घरी म्हणाला. "त्या वयात ते घरटं सोडतंच."

"मग हे तिथे सांगा ना."

"सांगून काय? दाखवायला नाव लागते."

दलदलीच्या पार टोकाला एक तरणा बुल्वे दिसतो, असं एकदोघांनी सांगितलं होतं. पण शेजारच्या फाट्यातही एक घरटं होतं; तो कुठला, कोण जाणे. कडं बघितल्याशिवाय कळायचं नाही, आणि उभ्या बुल्वेचे पाय गवतात नि पाण्यात बुडालेले असतात. तो उडाला तरच पाय मागे लांब होतात आणि दिसतात. त्याला हाकलून उडवायचं, तर मंडळाचा पहिला नियमच असा की जो पक्ष्याला उठवेल त्याची नाव गेली.

तेओपिस्ता म्हणाली, "मी जाते कॅमेरा घेऊन."

मुबिरु तिच्याकडे बघतच राहिला. "तू? लोक काय म्हणतील? बायकोलाच खात्री नाही, म्हणून बघायला गेली."

ती कॅमेऱ्याची पिशवी भरायला लागली. तेच त्याला लागलं. तो उठून मागच्या अंगणात गेला.

खात्री तिला खरोखरच नव्हती. पोत्यात काय होतं, हे तिने रात्री अंथरुणात विचारलं होतं, भांडून विचारलं होतं, एकदा तर हात धरून विचारलं होतं. तो भिंतीकडे तोंड करायचा.

नाव गालिवांगोने दिली. हा मुबिरुचा मित्र, पोरवयापासूनचा. पाहुण्यांच्या फेऱ्या संपल्या की दुपारी तीननंतर तो तिला न्यायचा. धक्क्यावरच्या बायका बघायच्या.

"नवरा चुलीपाशी आणि बायको नावेत! चांगलंय बाई तुझं."

"तुझा नवरा पाठव चुलीपाशी," तेओपिस्ता म्हणायची, "मग सांग कसं वाटतं ते."

कॅमेरा तिचा जुनाच, लग्नांचे फोटो काढायचा. लांबची लेन्स एकच, चर्चच्या मागच्या बाकावरून नवरीचा चेहरा पकडायला घेतलेली. बुधवारी एक मोठा बुल्वे डोक्यावरून गेला. तिने घाईघाईने सहा फोटो घेतले, आणि सहाही वेळा पांढऱ्या आभाळावर कोळशाचा तुकडा आला. पाय नाहीत, डोळा नाही, काही नाही. घरी येऊन ती कितीतरी वेळ ते बघत बसली, आणि मग तिची तिलाच लाज वाटली. पांढऱ्या मांडवात पांढरा पायघोळ कांझू घालून उभा राहिलेला काळा नवरदेव तिने शेकडो वेळा टिपला होता. कॅमेऱ्याला विचाराल तर तो मांडव सांभाळतो आणि नवरदेवाचा कोळसा करतो. मांडव जळू द्यायचा, म्हणजे पांढराफटक होऊ द्यायचा, कपड्यांवरची घडी जाऊ द्यायची, चेहरा आला पाहिजे. मग आभाळाचं एवढं काय कौतुक?

गुरुवारी काही दिसलं नाही. शुक्रवारी पाऊस पडला.

शनिवारी दुपारी आभाळ खाली उतरलं होतं. साडेतीनलाच सहा वाजल्यासारखा उजेड. टोकाच्या डोहात त्यांना तो दिसला: तरणा, अजून तपकिरी झाक असलेला, पपायरसच्या कडेला निश्चल. पाय गवतात. साठ पावलांवर असेल. गालिवांगोने बांबू चिखलात रोवला आणि दोघं थांबली.

अर्ध्या तासाने सरोवराकडून वारा सुटला. आमच्याकडे पपायरस पाण्यावर तरंगतो. मुळांच्या जाळ्याची अख्खी बेटं सुटतात आणि वाऱ्याबरोबर फिरतात. तसलं एक बेट सावकाश सरकत आलं आणि ज्या चिंचोळ्या वाटेने नाव आली होती तिच्या तोंडाशी बसलं. थोड्या वेळाने बाजूचं दुसरं. नावेच्या दोन्ही अंगांना हिरव्या भिंती आणि पुढे तेवढा डोह.

"अडकलो का?" तेओपिस्ताने हळूच विचारलं.

"वारा फिरेपर्यंत. नाहीतर उतरून कापावं लागेल. पण मी हललो, तर तो उडेल, आणि मग मीच उडवला असं होईल."

म्हणजे बसायचं. डास यायला लागले. ते मारायचीही सोय नव्हती. तेओपिस्ता म्हणते, तरी तिथे तिला बरं वाटत होतं. तिन्ही बाजूंनी कोंडलेली, पण कोणी मीठ विचारत नव्हतं.

गालिवांगो बराच वेळ बांबूला टेकून होता. मग पक्ष्यावरची नजर न काढता म्हणाला, "वहिनी, एक विचारू? तुम्हाला वाटतं, त्याने विकलं?"

"वीस वर्षं मी त्यांचे कपडे धुतेय. पोत्यात काय होतं तेवढं मला सांगत नाहीत. मला काय वाटायला पाहिजे, तुम्हीच सांगा."

तो म्हणाला, "मला माहितीये काय होतं."

तिने कॅमेरा मांडीवर ठेवला.

"मांबा होते. सहा की सात. ते बाहेर काढले तरी लवकर मरत नाहीत, म्हणून पोतं हलत होतं. एंटेबेच्या रस्त्यावर एक खानावळ आहे, तिला देतो. पावसाळ्यात. दोन वर्षं झाली."

"स्वतः धरतात?"

"स्वतः."

दोन वर्षं झाली, म्हणजे थोरली मुलगी नर्सिंग शिकायला गेली तेव्हापासून. फीचे पैसे पाहुणे खुशीने देतात, असं मुबिरु म्हणायचा. पाहुणे एकाएकी इतके खूश कसे झाले, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

"आणि खातात?"

"ते मी विचारलं नाही, वहिनी."

तेओपिस्ताला सासऱ्यांचं मरण आठवलं. सगळ्या कुळासमोर मुबिरुच्या खांद्यावर झाडाच्या सालीचं वस्त्र बांधून त्याला बापाच्या जागी बसवलं होतं. आज कुळातली भांडणं त्याच्याकडे येतात, मुलांची नावं तो ठेवतो. आणि सासू. पक्षी विकला असं सिद्ध झालं असतं, तरी म्हातारीने त्याला जेवायला वाढलं असतं. हे कळलं असतं, तर तिने त्याच्या ताटाला हात लावला नसता.

म्हणजे चोर ठरणं त्याला त्यातल्या त्यात सोपं वाटलं होतं.

"तुम्ही का नाही बोललात?" तिने विचारलं.

"काय बोलू? चोर नाही, पण स्वतःचं कूळ पोत्यात भरून विकतो, असं?"

साडेपाच झाले. उजेड गढूळ पाण्यासारखा झाला. आता तिला आधीपेक्षा जास्त घाई होती. पोत्याचा प्रश्नच निघू नये असा एकच मार्ग होता, आणि तो समोर गवतात पाय बुडवून उभा होता. तिने कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे कमी उजेडात टिपायची ताकद, जेवढा जातो तेवढा वर नेला. फोटोत वाळू ओतल्यासारखे दाणे येणार, हे तिला माहीत होतं. असला फोटो तिने नवरीच्या आईला कधी दिला नसता. एवढं करूनही पंख थांबवण्याइतका शटरचा वेग मिळेना. तिने विचार केला: पंख हवेत कोणाला? पंख हलतात, पाय मागे स्थिर असतात. शटर मंद ठेवायचं, पंखांचा धूर होऊ द्यायचा, आणि लेन्स पक्ष्याच्या पोटाबरोबर फिरवत न्यायची. जशी ती नाचणाऱ्या वऱ्हाडात एकाच म्हातारीच्या चेहऱ्याबरोबर फिरायची. आणि आभाळ जळू द्यायचं.

मग वाऱ्याने पुन्हा जोर केला. त्यांना कोंडणारं बेट हळूहळू वळलं आणि त्याची कड बुल्वेच्या पायाखालच्या गवताला लागली. गवत कलंडलं. पक्ष्याने एकदा खाली बघितलं, पंख उघडले, आणि दोन जड पावलं टाकून तो उचलला गेला.

तेओपिस्ता नावेत गुडघ्यांवर होती. तो डोहावरून आडवा गेला. ती त्याच्या पोटाला चिकटून कंबरेतून वळत गेली, बटण दाबून. नाव डुलली. गालिवांगोने तिच्या गोमेसीचा, त्या पायघोळ झग्याचा, कंबरपट्टा मागून धरला. पक्षी हिरव्या भिंतीपलीकडे गेला तरी ती दाबतच होती.

"वहिनी, गेला तो."

चौदा फोटो होते. पहिले अकरा वाया गेले होते, शेवटच्या दोनांत नुसता पपायरस होता. बाराव्यात पंखांचा नुसता राखी धूर, आभाळ कोऱ्या कागदासारखं, सगळीकडे दाणेच दाणे. आणि मागे लांब झालेले दोन पाय. तिने तो भाग मोठा करून बघितला. डाव्या पायात पिवळं कडं होतं.

गालिवांगो खाली उतरला आणि कोयत्याने मुळं कापायला लागला. बाहेर पडायला अंधार झाला.

मुबिरु दारातच उभा होता. तिने कॅमेरा पुढे केला. त्याने तो घेतला नाही.

"पटली खात्री?" त्याने विचारलं.

"पटली."

तो आत गेला. आपल्याला नेमकी कशाची खात्री पटली, हे तिने सांगितलं नाही.

रविवारी धक्क्यावरच्या आंब्याखाली सभा भरली. फोटो तिने मोठा करून आणला होता. तो हातोहात फिरला. "असला कसला धुरकट काढलास?" कोणीतरी म्हणालं. पण कडं सगळ्यांना दिसलं. हाजींनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून बघितलं.

"पिल्लू आहे," ते म्हणाले. "आपलंच आहे. मुबिरु, तुझी नाव तुला परत."

लोक उठायला लागले. तेवढ्यात सांता म्हणाली, "ते झालं. पण मग पोत्यात काय हलत होतं?"

सगळे थांबले. हाजीही थांबले. मुबिरु जमिनीकडे बघत होता, आणि त्याची आई सगळ्यांत पुढे चटईवर, मान वर करून त्याच्याकडे बघत होती. गालिवांगोने तोंड फिरवलं.

"माझा पडदा होता," तेओपिस्ता म्हणाली.

"कसला पडदा?"

"स्टुडिओतला, मागे लावायचा. धबधब्याचा. त्याच्यावर कोणाच्या तरी पोराने घाण केली होती. घरी पाणी नव्हतं, म्हणून मी यांना पाणथळीत नेऊन धुवायला लावला. साबणाने."

आंब्याखाली एकदम गलका झाला. पक्ष्यांच्या पाण्यात साबण घालायचा नाही, हा मंडळाचा दुसरा नियम.

"मीच सांगितलं होतं, कोणाला बोलू नका म्हणून. बोलले नाहीत बिचारे."

"अगं पण हलत होतं!" सांता म्हणाली. "माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"आपल्या रस्त्यावर सायकलच्या कॅरिअरवर काय हलत नाही, ते सांग. तू बसलीस तर तूही हलशील."

लोक खो खो हसले. सांताही हसली. हाजी हसले नाहीत. त्यांनी तेओपिस्ताकडे जरा जास्तच वेळ बघितलं, आणि मग म्हणाले, "नियम तो नियम. मुबिरुने बायकोचं ऐकलं, हा काही गुन्हा नव्हे. आपण सगळेच ऐकतो. पण तेओपिस्ता, तू वर्षभर पाण्यावर जायचं नाहीस. नावेत पाय ठेवायचा नाही."

"बरं," ती म्हणाली.

फोटो हाजींनी ठेवून घेतला, धक्क्यावरच्या खोलीत लावायला. तिने तो परत मागितला नाही.

सोमवारी मुबिरु सकाळीच नावेवर गेला. घर एकदम मोठं झालं. पण तेओपिस्ताला स्टुडिओ उघडता आला नाही. कारण ज्या पडद्याला साबण लागला म्हणून एवढं झालं, तो पडदा बघायला दोन बायका आधीच घरी येऊन गेल्या होत्या. पडदा तर वर्षानुवर्षांची धूळ खात भिंतीला टांगलेला. तिने तो उतरवला, घरी आणला आणि डाग निघाला नव्हता असं सांगत पिंपात घातला. पाणी आणायला चार खेपा झाल्या.

सासू चटईवरून बघत होती. "तुझ्या या चिंधीपायी," ती म्हणाली, "माझा मुलगा तीन आठवडे चोर म्हणून बसला. आणि तोंडातून ब्र काढला नाही त्याने. बापावर गेलाय."

"हो," तेओपिस्ता म्हणाली.

"हो काय हो? पाया पड त्याच्या."

त्या दिवशी मुबिरु दुपारीच जेवायला आला. त्याने पिंपातला पडदा बघितला, तिचे सोललेले हात बघितले. मग काही न बोलता पडद्याचं एक टोक उचललं. दुसरं तिने धरलं. दोघं पिळायला लागली, तो उजवीकडे, ती डावीकडे.

"त्या पोत्यात," तो एकदम खालच्या आवाजात म्हणाला. तीन आठवडे न निघालेलं आता त्याच्या ओठांवर आलं होतं. तोंड पार उतरलं होतं. "ऐक. त्या पोत्यात खरं म्हणजे..."

म्हातारी दहा पावलांवर होती. शेंगा सोलायची थांबली होती.

"पडदा होता," तेओपिस्ता म्हणाली. "पिळा नीट. पाणी राहतंय."